काटासाहेबांचं नळकांडं

भिवंडीत कामतघरच्या नाक्यावरचा कोंबडीवाला आमच्या घरमालकांना लांबून येताना पाहायचा आणि हातातली सुरी ठेवून आधी काटा पुसायला घ्यायचा. समोर गिऱ्हाईक उभं असलं तरी. "साहब आ रहे हैं, दो मिनट," एवढंच तो म्हणायचा, आणि नेहमीची माणसं समजून घ्यायची. साहेब यायचे, कापडी पिशवीतून स्वतःचं किलोचं लोखंडी वजन काढून त्याच्या काट्यावर ठेवायचे, चष्मा कपाळावर चढवून आकडा निरखायचे आणि मग मान हलवायचे. "ठीक आहे. आता छातीचा पीस. चामडी नको, हाड नको, आणि पाणी तर बिलकूल नको. पाणी माझ्या नळाला येतं."

हे पाण्याचं काही पूर्ण खरं नव्हतं, नळाला पाणी रोज येत नसे. पण कोंबडीवाला बिचारा मांस झटकून झटकून काट्यावर ठेवायचा. एकदा त्याने धीर करून विचारलंही, "साहब, आप तो रिटायर हो गए, ये वजन कब रिटायर होगा?" साहेबांनी ते वजन पिशवीत टाकलं आणि म्हणाले, "त्याला पेन्शन नाही."

गल्लीत त्यांना काटासाहेब म्हणत. मी तोंडावर चाचा म्हणायची आणि पाठीमागे गल्लीसारखंच काटासाहेब. मूळचे भिवंडीचेच, जुन्या गावातल्या कोकणी मुसलमान घरातले. भाऊबंद सगळे यंत्रमागांच्या, म्हणजे लूमच्या धंद्यात आणि सुताच्या व्यापारात. हे एकटेच सरकारी नोकरीत गेले. सगळी नोकरी वजनमापे खात्यात, इन्स्पेक्टर म्हणून, बाजारोबाजारी काटे तपासत आणि वजनांवर शिक्के मारत. त्यामुळे घरात चारचौघांसारखं बोलत, पण मुद्द्यावर आले की तोंडातून सरकारी मराठी बाहेर पडायची. "सदर वांगी अर्धा किलो भरत नाहीत," असं वाक्य मी आयुष्यात त्यांच्याशिवाय कुणाकडून ऐकलेलं नाही.

मी जुन्नरकडची. भिवंडीजवळ वडप्याच्या एका शीतगोदामात मालाची तपासणी करायची नोकरी लागली आणि राहायला खोली हवी होती. काटासाहेबांच्या घराच्या वर एक खोली होती, बाहेरून जिना. खोली बघायला गेले तेव्हा त्यांनी माझं शिक्षण, आईवडील, पगार यातलं काहीच विचारलं नाही. दारामागून एक स्प्रिंगचा काटा आणला, माझी बॅग त्याला अडकवली आणि हात उंच करून वजन वाचलं.

"जिना लाकडी हाय ना," आतून चाची म्हणाल्या, "त्याला किती झेपतंय ते बघतायत. तू घाबरू नको. माझा निकाह झाला तेव्हा माझी पेटीपण अशीच टांगली होती. आत ये, चहा घे."

चाची म्हणजे त्यांच्या बेगम. गोल चेहऱ्याच्या, डोक्यावर कायम ओढणी, आणि नवऱ्याची थट्टा करण्यात तरबेज. मुलगी लग्न होऊन परदेशी गेलेली, घरात ही दोघंच. वाट्याला आलेली लूमची शेड चाचांनी भाड्याने दिली होती. ती भिंतीला भिंत लागून, त्यामुळे घरात दिवसभर खडखडाट. नव्या माणसाला बोलणं ऐकू येत नसे. पंधरवड्यात माझे कान असे तयार झाले की गावी गेले की शांततेने झोप येईना.

घरात येणारी प्रत्येक वस्तू तोलली जायची. त्यासाठी स्वयंपाकघरातल्या टेबलावर लाकडी स्टँडला पितळी पारड्यांचा तराजू कायमचा टांगलेला होता. बॅटरीचे काटे त्यांना आवडत नसत. म्हणत, "त्यात आकडा दिसतो, खरं-खोटं दिसत नाही. इथे दोन पारडी समोरासमोर आहेत. कोण खोटं बोलतंय ते आंधळ्यालाही कळतं." त्यांची आणखी एक आवडती म्हण होती, बहुधा स्वतःच बनवलेली: काटा कुणाचा नातेवाईक नसतो. ही म्हण त्यांनी त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याला, जो किराणा दुकानदार होता, त्याच्याच दुकानात ऐकवली होती, आणि त्यानंतर दोन ईदा त्या घरून शीरखुर्मा आला नव्हता. चाची हे सांगताना हसायच्या, पण थोड्या दुखावलेल्याही असायच्या.

रद्दीवाला येई तो दिवस म्हणजे आम्हा सगळ्यांना करमणूक. एका रद्दीवाल्याला त्यांनी माझ्यासमोर पकडलं. तो वर्तमानपत्रांचं पारडं धरून तराजू उचलत होता, आणि चाचा शांतपणे म्हणाले, "करंगळी काढ." त्याने काढली. पारडं भसकन खाली आलं. मग मला जवळ बोलावून म्हणाले, "बघ पोरी. विकणारा पारडं दाबतो, विकत घेणारा खालून उचलतो. काटा मारायच्या शंभर तऱ्हा आहेत, पण शेवटी सगळ्या बोटातच येतात. काट्याकडे नको बघू, बोटांकडे बघ." रद्दीवाल्याला मात्र त्यांनी हाकलला नाही. चाचींनी त्याला पाणी दिलं आणि रद्दी त्यालाच दिली.

आता सॉसेजकडे येते. आमच्या गोदामात उणे अठरा अंशांवर नगेट, कबाब आणि चिकन सॉसेज भरलेली असत. बाहेरचा खोका चेपला की तो माल दुकानात जात नसे, तो स्टाफला स्वस्तात मिळे. माझा फ्रीज त्याच पाकिटांनी भरलेला. शिफ्ट करून आले की दोन सॉसेज तव्यावर टाकायची, पावात घालायची, संपलं जेवण. जिन्यावरून तो खमंग वास खाली जायचा. एक दिवस चाचांनी मला रिकामं पाकीट कचऱ्यात टाकताना अडवलं आणि ते माझ्या हातातून घेऊन मागची बाजू वाचायला लागले. एवढं मन लावून मी कधी कॉलेजचं पुस्तक वाचलं नव्हतं.

"रविवारी सुट्टी आहे?" त्यांनी विचारलं. "एक पाकीट घेऊन खाली ये. सदर नळकांड्यांची पडताळणी करू."

सॉसेजला ते शेवटपर्यंत नळकांडंच म्हणाले.

रविवारी टेबलावर वर्तमानपत्र अंथरलेलं. एका पारड्यात कोंबडीच्या छातीचा तुकडा, दुसऱ्यात माझी सॉसेज, आणि चाचा कात्रीने सॉसेजचं टोक कापून कापून काटा समतोल करत होते. मी जरा शहाणपणा केला. म्हटलं, "चाचा, पाकिटावर लिहिलंय, भरपूर प्रोटीन. आणि दोन्ही कोंबडीच तर आहे."

"सूत पण कापूस आणि साडी पण कापूस," ते म्हणाले. "मधे काय काय झालं ते विचार. कांजी किती लावली, रंग किती घातला. आणि एक ध्यानात ठेव, कच्चं कच्च्याशी तोलायचं आणि शिजलेलं शिजलेल्याशी. तुझं नळकांडं कारखान्यातून अर्धं शिजून आलंय, ही कोंबडी कच्ची. म्हणून दोन्ही उकडू, मग बोलू."

दोन पातेल्यांत दोन्ही उकडलं. सॉसेजच्या पाण्यावर तेलाचे पिवळे डोळे तरंगायला लागले, कोंबडीच्या पाण्यावर नुसता थोडा फेस. कोंबडी आकसली, तिचं वजन उतरलं. मी म्हटलं, बघा, तुमचीच घटली. ते म्हणाले, "पाणी गेलं. ऐवज राहिला." मग पाकिटावरची घटकांची ओळ त्यांनी मोठ्याने वाचून दाखवली: कोंबडीचं मांस, पाणी, तेल, स्टार्च, मीठ, आणि पुढे आकड्यांची नावं असलेले काही पदार्थ. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: तेवढ्याच वजनात छातीच्या तुकड्यात सॉसेजच्या दुपटीच्या आसपास प्रोटीन, चरबी नावाला, आणि मीठ आपण घालू तेवढंच. सॉसेजमध्ये चरबी कितीतरी पट आणि मीठ इतकं की दोन खाल्ली तर दिवसभराच्या मिठाच्या वाट्याला मोठा खड्डा. "फसवणूक आहे असं मी म्हणत नाही," शेवटी ते न्यायाधीशासारखे म्हणाले, "सगळं पाठीमागे छापलंय. पण तू पाकीट पुढून वाचतेस."

एवढं सगळं चाचींनी हाताची घडी घालून ऐकलं. मग उठल्या. "झालं तोलून?" म्हणाल्या, आणि उकडलेलं सॉसेज उचलून त्याच्या चकत्या केल्या, तव्यावर कांदा आणि काळी मिरी घालून परतल्या, आणि आम्ही दोघींनी मिळून खाल्ल्या. चाचा आपला पांढरा फटक कोंबडीचा तुकडा चावत बसले.

"तोंडाला जे लागतंय ना, ते मीठ आणि तेल आहे. कोंबडी नाही," ते म्हणाले.

"मग तोंडालाच खातोय आम्ही," चाची म्हणाल्या. "पोटाला काय कळतंय?"

त्यानंतर कधी कधी, चाचा नमाजाला गेले की चाची जिन्याखालून हाक मारायच्या, "पोरी, हाय का गं तुझ्याकडं?" आणि मी एखादं सॉसेज घेऊन खाली उतरायची. चाचांना ते ठाऊक होतं. घरात शिरताना ते नाक वर करून एकदा हुंगायचे आणि सरळ हात धुवायला जायचे.

पुढच्या वर्षी चाचींच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, आणि मग ठाण्याच्या हॉस्पिटलात इंजेक्शनं सुरू झाली. ठरावीक दिवसांनी एक. दुसऱ्या इंजेक्शनानंतर चाचींची चव गेली. पाणीसुद्धा लोखंडासारखं लागतंय म्हणायच्या. डॉक्टरांनी चाचांना समोर बसवून स्पष्ट सांगितलं की वजन आणखी उतरलं तर पुढचं इंजेक्शन लांबवावं लागेल, आणि ते लांबणं बरं नाही. पोटात प्रोटीन गेलंच पाहिजे. चाचा घरी आले ते बदली होऊन नव्या ठिकाणी रुजू झाल्यासारखे. त्यांना ड्युटी मिळाली होती, आणि तीही वजनाची.

घरातला तराजू माणसाला पुरणारा नव्हता. म्हणून आठवड्यातून एकदा ते चाचींना हाताला धरून शेजारच्या शेडमध्ये नेत. तिथे सुताचे गठ्ठे तोलायचा जमिनीवरचा मोठा काटा होता. चाची चपला काढून त्यावर उभ्या राहायच्या आणि लूमवरचे बिहारी कारागीर दोन मिनिटं मशिनं बंद करून मान खाली घालून उभे राहायचे. कुणी त्यांना सांगितलं नव्हतं. चाची म्हणायच्या, "सुताच्या भावात विकतायत बघा मला." पण आकडा दर वेळी थोडा खालीच यायचा.

मग ताटलीचं तोलणं सुरू झालं. घरात स्टीलच्या दोन जुळ्या ताटल्या होत्या. एकीत चाचींना वाढायचं. जेवण झालं की ती ताटली उरलेल्या अन्नासकट एका पारड्यात, तिची जुळी रिकामी ताटली दुसऱ्या पारड्यात, आणि रिकामीच्या बाजूला वजनं घालत जायचं. जेवढी वजनं घालावी लागतील तेवढं उरलं. चाचांनी मनाशी एक हद्द ठरवली होती. तिच्यापेक्षा जास्त उरलं तर चाचींची सुटका नाही, तासाभराने तीच ताटली गरम होऊन पुन्हा समोर यायची.

आणि त्या ताटलीत काय, तर छातीचा तुकडा. उकडलेला, वर चिमूटभर मिरी. चाचींना त्याचा वासही सहन व्हायचा नाही. घास तोंडात फिरत राहायचा, डोळ्यांत पाणी यायचं. "दोरी चावतेय असं वाटतंय," म्हणायच्या. वजनांवर वजनं चढायची, आणि चाचांच्या कपाळावर आठ्या.

एका दुपारी माझ्या दारावर टकटक झाली. मी त्या घरात राहायला लागल्यापासून चाचा कधी जिना चढून वर आले नव्हते. एकट्या मुलीच्या खोलीवर जायचं नाही, हा त्यांचा नेम. दार उघडलं तर ते शेवटच्या पायरीच्या एक पायरी खाली, दाराकडे पाठ करून उभे.

"ते तुझ्या गोदामातलं," ते रस्त्याकडे बघत म्हणाले, "एखादं पाकीट असेल का?"

"सॉसेज?"

"ती मागतेय." मग म्हणाले, "डॉक्टरांना फोन केला मी. म्हणाले, रोजची सवय नको, पण सध्या पोटात जे राहील ते द्या."

मी पाकीट दिलं. त्यांनी ते हातात घेतलं, सवयीने मागची बाजू वर केली, आणि न वाचताच खिशात घातलं. मला तेव्हा त्यांची फार दया आली. जन्मभर ज्याच्या विरुद्ध साक्ष दिली त्याच्याच दारात माणूस जामीन मागायला जातो, तसं काहीतरी त्यांच्या चेहऱ्यावर होतं.

त्या दिवशी चाचींनी दीड सॉसेज खाल्लं. कांदा-मिरीत परतून, हळूहळू, पण खाल्लं. चाचांनी ताटली तोलली. मग मला म्हणाले, "माझी चूक झाली. मी कच्चं-शिजलेलं बघत बसलो. ताटातलं आणि पोटातलं असा हिशेब करायला हवा होता. ताटात राहिलेल्या कोंबडीत प्रोटीन शून्य." एवढा मोठा पराभव मान्य करतानाही ते तो नियमात बसवून मान्य करत होते.

पण सॉसेजही फार दिवस चाललं नाही. मिठाने चाचींच्या तोंडातले फोड झोंबायला लागले. तेव्हा काटासाहेबांनी ठरवलं की नळकांडं आपणच करायचं. कोंबडीची छाती वाटायची, त्यात थोडं दही, भिजवलेल्या पावाचा मऊ भाग, आलं, नावाला मीठ, आणि गुंडाळून वाफवायचं. गुंडाळायला कापड हवं. कापडाला भिवंडीत काय तोटा! भिंतीपलीकडे दिवसरात्र कापडच निघत होतं. चाचांनी शेडमधून ताज्या कापडाचा एक लांब तुकडा फाडून आणला, त्यात मिश्रण भरून सुतानेच गाठी मारल्या आणि मोदकपात्र माझ्याकडून मागून घेतलं.

लूमवरून उतरलेल्या कोऱ्या कापडात कांजी असते, ते धुतल्याशिवाय वापरत नाहीत, हे त्या गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. काटासाहेबांनी त्या रविवारी मला कांजीचं उदाहरण दिलं होतं. पण त्या घाईत ते विसरले. वाफ लागली तशी कांजी सुटली, मिश्रणात मुरली, आणि ते नळकांडं कापडाला असं चिकटलं की सोलता सोलेना. खळीचा वास घरभर. चाचा सुरीने कापड खरवडत होते, अंगावर बनियन, दाढीला दही.

चाची दारात येऊन उभ्या राहिल्या. बघितलं. आणि हसायला लागल्या. भिंतीला टेकून, पोटाच्या टाक्यांवर हात दाबून हसल्या. "अल्ला," म्हणाल्या, "कोंबडीला कफन घातलं का ओ? तेपण कांजीचं?"

कित्येक दिवसांत त्या घरात कुणी हसलं नव्हतं. चाचाही हसले. मीही. दुसऱ्या दिवशी मी तीन पाण्यांनी धुतलेला पंचा दिला आणि नळकांडं नीट झालं. दिसायला ओबडधोबड, रंगाला पांढरं, पण मऊ. चाचींनी त्याच्या चकत्या खाल्ल्या. "तुझ्या गोदामातल्यासारखं लागत न्हाय," त्यांनी निर्णय दिला, "पण गिळता येतंय."

त्यानंतरची इंजेक्शनं जास्त जड गेली. काही दिवस गिळता यायचं, काही दिवस नाही. माझी तेव्हा संध्याकाळची शिफ्ट होती, दुपारी मी त्यांच्याबरोबर बसायची. आणि बसल्या जागेवरून मला दोन गोष्टी दिसल्या.

पहिली ही की चाची चकत्या खात नव्हत्या. चाचा पाणी आणायला उठले की तीन-चार चकत्या ओढणीच्या टोकात जायच्या आणि वर गाठ बसायची. मागच्या अंगणात शेडमधली एक मांजर येई, ती अलीकडे भलतीच गुबगुबीत झाली होती. ताटली हलकी भरली की चाचांच्या कपाळावरची आठी जायची. चाचींना तेवढंच हवं होतं.

दुसरी गोष्ट दिसली तेव्हा मला आधी खरंच वाटेना. चाचा ताटली पारड्यात ठेवायचे, वजनं घालायला लागायचे, आणि त्यांच्या डाव्या हाताची करंगळी उरलेल्या अन्नाच्या पारड्याखाली जायची. रद्दीवाल्यासारखी. पारडं जरासं वर यायचं आणि ते म्हणायचे, "झालं. हद्दीत आहे. ऊठ, आराम कर." तासाभराने ताटली पुन्हा तिच्यापुढे ठेवायची त्यांच्यात हिंमत उरली नव्हती, आणि स्वतःच घातलेला नियम मोडायचीही नव्हती.

दोघांचंही मला माहीत झालं होतं. एकमेकांचं त्यांना माहीत नव्हतं. मी कुणालाच काही बोलले नाही.

शेवटच्या इंजेक्शनाच्या आदल्या आठवड्यात एका दुपारी चाचींना फारच मळमळत होतं. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये वजन करायचं होतं आणि त्यावरच पुढचं ठरणार होतं. चाचा आत गेले तेवढ्यात चाचींनी जवळजवळ सगळंच ओढणीत बांधलं, ताटलीत फक्त दोन चकत्या ठेवल्या. चाचा आले. नेहमीसारखी ताटली पारड्यात ठेवली, जुळी ताटली समोर. त्यांचं लक्ष काट्याकडे नव्हतं, चाचींच्या पांढऱ्या पडलेल्या तोंडाकडे होतं. रोजच्या सवयीने करंगळी खाली गेली आणि रोजच्याच जोराने वर उचलली गेली.

पारडं वर उसळलं. समोरची रिकामी ताटली टणकन टेबलावर आपटली.

ताटलीत दोन चकत्या दिसत होत्या, आणि ती रिकाम्या ताटलीपेक्षा हलकी भरली होती.

चाचांनी काट्याकडे बघितलं. करंगळी काढली. पारडं खाली आलं, पण अगदी थोडंसं, दोन चकत्यांपुरतं. मग त्यांनी चाचींच्या ओढणीची गाठ बघितली. चाची त्यांच्या करंगळीकडे बघत होत्या. पलीकडे लूम चालू होते म्हणून बरं, नाहीतर ती शांतता मला सोसली नसती.

"काय भरलं?" चाचींनी विचारलं.

चाचांनी चष्मा काढला, सदऱ्याने पुसला, परत घातला. "सदर ताटली," ते म्हणाले, आणि घसा साफ केला, "सदर ताटली रिकामी आहे. पडताळणी झाली."

मग ते उठले, तराजू स्टँडवरून काढला आणि कपाटात वर ठेवून दिला. चाचींनी ओढणीची गाठ सोडली, सगळ्या चकत्या परत ताटलीत ठेवल्या, आणि त्यातली एक उचलून तोंडात घातली. खूप वेळ चावली. गिळली. चाचा त्यांच्या शेजारी बसले आणि त्याच ताटलीतली दुसरी त्यांनी खाल्ली. एकमेकांकडे बघत नव्हते दोघं. मी उठून वर निघून गेले आणि रडले.

दुसऱ्या दिवशी सुताच्या काट्यावर चाचींचं वजन आधीच्या आठवड्याएवढंच भरलं. चढलं नव्हतं, पण उतरलंही नव्हतं. चाचांचे दोन्ही हात त्या वेळी पाठीमागे होते, हे मी मुद्दाम बघितलं. इंजेक्शन वेळेवर झालं. त्या दिवसापासून मात्र जेवणाची रीत बदलली. मोठा थाळा निघाला, लग्नाकार्यात एकत्र जेवायला बसतात तसला, आणि दोघं त्यातच समोरासमोर बसून जेवायला लागली. कुणी किती खाल्लं हे तोलायची सोयच त्यात नव्हती. चाचा हळूहळू आपल्या बाजूच्या चकत्या चाचींच्या बाजूला सरकवायचे, आणि चाची त्यांची नजर चुकवून दोन परत सरकवायच्या.

मी नंतर नोकरी बदलून पुण्याला गेले. चाची बऱ्या झाल्या. आणि ज्याच्या तब्येतीची कुणाला काळजी नव्हती तो माणूस गेल्या हिवाळ्यात दुपारी आडवा झाला आणि उठला नाही. बातमी मला उशिरा कळली. मी भेटायला गेले तेव्हा गल्ली तीच होती, जिना तोच. नाक्यावरचा कोंबडीवाला म्हणाला, "चाची अब साहब से भी कड़क हैं. वजन वही लाती हैं."

चाचींनी नळकांडी केली होती. पंचा माझाच. मी तराजूबद्दल विचारलं.

"हाय की कपाटात," त्या म्हणाल्या. "म्हणायचे ना, काटा कुणाचा नातेवाईक नसतो म्हणून? एक दिवस आमचा झाला होता. तेवढा पुरला."

मग त्यांनी मोठा थाळा मध्ये ठेवला, भात, रस्सा, चकत्या वाढल्या आणि म्हणाल्या, "हात धू. एकटीला यात जेवायला बरं वाटत न्हाय." मी समोर बसले. पाकिटांच्या मागची बाजू वाचणं आता माझा रोजचा धंदा आहे, काय किती खाल्लं ते मला सहसा सांगता येतं. त्या दुपारी मी किती खाल्लं आणि चाचींनी किती खाल्लं, ते सांगता येणार नाही.